पडद्याची वात

मध्यमवर्गीय घरातील कुरबुरींची यादी कोणी करू म्हणेल, तर पाणी आणि पंखा यांच्या खालोखाल उजेडाला स्थान द्यावे लागेल, असे आमचे मत आहे. एकाला वाचावयाचे असते नेमके त्याच वेळी दुसऱ्याला निजावयाचे असते, आणि खोली तर एकच. कंदिलाच्या काळी हा तंटा वातीच्या चावीने मिटत असे. वाचणारा वात थोडी खाली करी, निजणारा कूस बदली, आणि दोघांचेही भागे. पुढे विजेचे बटण आले. त्याला तडजोड ठाऊक नव्हती. दिवा एकतर लागे किंवा विझे. आता घरोघर संगणकाचा पडदा आला आहे. त्याच्या पोटात दिवाही आहे आणि त्या दिव्याला वातही आहे. परंतु ती वात खालीवर करण्याची चावी कारखानदाराने अशा ठिकाणी दडवून ठेविली आहे, की ती शोधणाऱ्यास आपण पडदा दुरुस्त करीत आहो की चोरीत आहो, असा पाहणाराला भ्रम व्हावा.

वाचकांनी आपल्या घरचा पडदा एकवार पाहावा. चौकटीच्या खालच्या कडेला, बहुधा मागल्या अंगास, एकाच आकाराची चार-पाच बटणे सापडतील. त्यांतले पहिले दाबले की एक कोष्टक उमटते, दुसऱ्याने त्यात उतरावयाचे, तिसऱ्याने पुढे जावयाचे, आणि हवे ते सापडते न सापडते तोच कोष्टक आपल्या मनाने अंतर्धान पावते. बोट जरा घसरले की कोष्टकाची भाषाच बदलते. आमच्या येथे एकदा दोन दिवस पोर्तुगीज भाषेचा अंमल होता, आणि वसईचा किल्ला येथून फार दूर नसल्यामुळे आम्हांस ते अगदीच अप्रस्तुत वाटले नाही.

आमचे बिऱ्हाड दहिसरास पश्चिमेकडे, चौथ्या मजल्यावर आहे. बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी मेज, मेजावर पडदा, आणि त्याच खोलीत रात्री मातोश्रींचे अंथरूण. पडदा एक आणि धनी तीन. आम्ही रात्री उशिरापर्यंत मुद्रिते तपासतो. आम्हांस मंद उजेड पुरतो, आणि मातोश्रींची झोप मोडू नये म्हणून तो मंदच असावा लागतो. आमची कन्या चित्रकला शिकते. तिला रंग जसेच्या तसे दिसावे लागतात, त्यात काडीचाही पिवळेपणा तिला खपत नाही. आणि मातोश्री सकाळी दहाच्या सुमारास पूजा आटोपून वर्तमानपत्र वाचावयास बसतात. अक्षर मोठे करता येते म्हणून कागदापेक्षा त्यांना पडदाच बरा वाटतो. या तिघांच्या तीन तऱ्हा सांभाळण्यासाठी दिवसातून पाच-सहा वेळा त्या बटणांच्या बिळात हात घालावा लागे. त्यात मातोश्रींची बोटे सांध्यांनी धरलेली. त्यांना दुसऱ्या कोणास हाक मारावी लागे, आणि हाक मारावी लागणे हेच त्यांना सर्वांत जाचक वाटे.

पडद्याला बटणावाचूनही हुकूम देता येतो, हे पुष्कळांस माहीत नसते. संगणकाकडून पडद्याकडे जी जाड तार जाते तिच्या पोटात चित्र वाहून नेणाऱ्या तारांखेरीज दोन बारीक तारा असतात. चित्राचा ओघ एकेरी. पण या दोन तारांवर संभाषण दुहेरी चालते. एक तार टाळ धरिते, दुसरी शब्द पोचविते. ही बोलण्याची रीत फिलिप्स कंपनीने १९८२ च्या सुमारास काढली, आणि तीही मूळची दूरचित्रवाणीच्या पेटीतील निरनिराळ्या भागांनी आपापसात थोडक्या तारांत बोलावे एवढ्यासाठी. पुढे पडदे बनविणाऱ्यांच्या व्हेसा या मंडळाने १९९४ साली तिचा उपयोग पडद्याची ओळख पटविण्याकडे केला. प्रत्येक पडद्यात १२८ बाइटांची एक छोटी जन्मपत्रिका असते. कर्त्याच्या नावाची तीन अक्षरे, जन्माचे वर्ष, अंगकाठी, सारे तीत नोंदलेले. संगणक सुरू होताच प्रथम ही पत्रिका पाहतो आणि मगच सोयरीक जमवितो. १९९८ मध्ये त्याच मंडळाने आणखी एक पाऊल टाकिले व पडद्याला आज्ञा देण्याची सर्वमान्य परिभाषा ठरविली. तेव्हापासून बहुतेक पडदे तारेवरचा हुकूम ऐकतात. आपण मात्र पाव शतकाहून अधिक काळ बटणेच चाचपीत बसलो आहो.

या परिभाषेत प्रत्येक गुणाला एक क्रमांक आहे. तेजाचा क्रमांक १०, गडद-फिक्या छटांतील अंतराचा १२, चित्र कोणत्या तारेतून घ्यावयाचे त्याचा ६०. हे क्रमांक सोळाच्या पटीने मोजलेले असल्यामुळे येथील दहा म्हणजे व्यवहारातले सोळा होत. पावकी-निमकी पाठ केलेल्या पिढीला यात बिचकण्यासारखे काही नाही. लिनक्स वापरणारांसाठी डीडीसीयूटिल नावाची एक फुकट आज्ञावली मिळते. तिला 'सेटव्हीसीपी १० ४०' एवढे लिहून दिले की पडद्याचे तेज चाळीसावर येते. 'गेटव्हीसीपी १०' असे विचारले की सध्या किती आहे ते पडदा सांगतो, मात्र उत्तरापूर्वी त्याला एका सेकंदाचा पंचविसावा भाग विचार करण्यास द्यावा लागतो, असा नियमच आहे. घाईने विचारणारास तो भलतेच उत्तर देतो. विंडोजवाल्यांसही अशी साधने आहेतच.

येथे एक भेद सांगितला पाहिजे, कारण त्यावाचून पुष्कळांची फसगत होते. तेज कमी करतो म्हणून सांगणाऱ्या कित्येक आज्ञावली पडद्याशी बोलतच नाहीत. त्या संगणकाच्या बाजूनेच चित्राचे रंग काळवंडून पाठवितात. मागला दिवा पूर्ववत भडकलेलाच राहतो, आणि चित्रातील काळा भाग राखेसारखा उजळ दिसत राहतो. कंदील मोठा ठेवून त्यावर फडके टाकावे, तसला हा प्रकार. डीडीसीयूटिल खरोखर वात खाली करते.

एवढे कळल्यावर आम्ही दहा-पंधरा ओळींचा एक आज्ञापट लिहिला. इंग्रजीत त्याला स्क्रिप्ट म्हणतात. नाटकाच्या संहितेलाही तोच शब्द आहे आणि तो येथे शोभतो, कारण कोणी केव्हा प्रवेश करावा आणि दिवे केव्हा मंद व्हावेत एवढेच त्यात लिहिलेले असते. दिवसा ६०, सूर्यास्तानंतर ४५, रात्री दहानंतर २५. कन्येने आपले नाव घेताच तेज तिच्या ठरलेल्या आकड्यावर यावे व रंग ६५०० केल्व्हिनवर, म्हणजे दुपारच्या उजेडाच्या पांढऱ्यावर, राहावेत. मातोश्रींसाठी कळफलकावरील दोन कळा राखून ठेविल्या. एकीवर तांबड्या नखरंगाचा ठिपका, दुसरीवर पांढऱ्या. तांबडी दाबली की तेज पाचाने वाढे, पांढरी दाबली की पाचाने उतरे. त्यांनी एकदा कळ दाबली की पुढे दोन तासपर्यंत आज्ञापटाने आपली अक्कल चालवू नये, असेही कलम घातले. यंत्राने माणसाच्या हुकमावर तत्काळ फेरहुकूम काढणे हा उद्दामपणा होय, आणि तो अलीकडे फार बोकाळला आहे.

सूर्यास्त केव्हा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मुंबईस नोव्हेंबरच्या अखेरीस सहाच्या सुमारास दिवस मावळतो, तर जुलैच्या आरंभी सात वाजून वीस मिनिटांच्या सुमारास. म्हणून घड्याळाचा काटा आज्ञापटात कायमचा ठोकून चालत नाही. आपल्या जागेचे अक्षांश-रेखांश देऊन सूर्याचे गणित त्याच्याकडून रोज करवून घ्यावे लागते. दहिसर अक्षांश सव्वाएकोणीस अंशांवर आणि रेखांश बहात्तर अंश बावन्न कलांवर आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी रेखांशाची, म्हणजे तिकडे मिर्झापुराकडची. तेव्हा आमच्या खिडकीतला सूर्य आमच्या भिंतीवरील घड्याळाच्या सुमारे साडेअडतीस मिनिटे मागे चालतो. घड्याळात बारा वाजतात तेव्हा तो माथ्यावर नसतो. फेब्रुवारीच्या मध्यास तर त्याला माथ्यावर यावयास एकाला सात-आठ मिनिटेच उरलेली असतात.

या साडेअडतीस मिनिटांवरून मुंबईने पूर्वी मोठा हट्ट धरिला होता. १ जानेवारी १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झाली; तरी मुंबईच्या नगरपालिकेने आपली ३९ मिनिटे मागे असलेली मुंबई वेळ १९५५ पर्यंत सोडिली नाही. रेल्वेचे घड्याळ एक सांगे आणि नगरपालिकेचे दुसरे. दहिसर महानगरपालिकेच्या हद्दीत आले ते १९५७ साली, हट्ट संपल्यावर. त्यामुळे आमच्या गावाला नगरपालिकेचा सूर्य लाभला नाही. तो आम्ही आता आज्ञापटातून परत आणिला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु गणिताला सूर्य कळतो, ढग कळत नाही. श्रावणात तिसऱ्या प्रहरी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरावरून आभाळ उतरते, दहिसर नदी तांबूस पाण्याने फुगते, आणि चार वाजता दिवेलागणीसारखा अंधार पडतो. आज्ञापट मात्र भर दुपार समजून पडदा फटफटीत ठेवितो. उलट हिवाळ्यात खाडीकडच्या खारफुटीवरून येणारे तिरपे ऊन थेट पडद्यावर पडते, आणि गणित म्हणते, आता सूर्यास्ताला अर्धाच तास राहिला. लॅमिंग्टन रोडवर उजेड मोजणारा सुपारीएवढा तुकडा स्वस्तात मिळतो. तो जोडला असता हेही संकट टळते, असे जाणते सांगतात. आम्ही तो जोडिला नाही. तांबड्या-पांढऱ्या दोन कळा होत्या, आणि त्या दाबणारे माणूस घरात होते.

त्या कळांची एक नोंदवही आज्ञापट ठेवीत असे. त्यामागे कोणताही गूढ हेतू नव्हता. काही पडदे हुकूम ऐकल्याचे सांगतात आणि करीत काहीच नाहीत. आमचा पडदा निद्रेतून उठल्यावर पहिल्या दोन आज्ञा खुशाल गिळून टाकी. (तो कोणत्या घराण्याचा, हे येथे सांगत नाही; सर्वच घराण्यांत असले कुलदीपक निपजतात.) म्हणून केव्हा काय सांगितले आणि पडद्याने काय उत्तर दिले याची तारीखवार ओळ लिहिली जाई. हे तपासून पाहण्यासाठी आम्ही एकदा मार्चमध्ये मागील नऊ महिन्यांची वही उघडली.

पडद्याचा दोष तिच्यात दिसला, पण त्याहून निराळे काही अधिक ठळक दिसले. जूनमध्ये मातोश्री सकाळी दहा वाजता ५५ वर थांबत. गणेशोत्सवात ६५. दिवाळीनंतर ७५. संक्रांतीस ८५, आणि होळीच्या आठवड्यात तांबडी कळ शंभरावर जाऊनही आणखी चार वेळा दाबलेली, जणू शंभराच्या पलीकडे अजून काही शिल्लक असावे. मध्ये कोठेही पांढरी कळ नाही. खोली तीच, वेळ तीच, खिडकी पश्चिमेची असल्यामुळे सकाळचा उजेडही बाराही महिने बहुतेक तोच.

आम्ही विचारले तेव्हा मातोश्री म्हणाल्या, "अरे, तुझ्या यंत्राचे तेज गेले आहे. जुने झाले ते. माणसे होतात, मग यंत्रे नाही होणार?" हे म्हणणे अगदीच टाकाऊ नव्हते, पडद्यामागचे दिवे कालांतराने मंदावतात, हे खरे आहे. पण मग आमचा रात्रीचा आकडाही चढावयास पाहिजे होता. तो २५ चा २५ वर होता. कन्येचाही हलला नव्हता. पडद्याने एकट्या मातोश्रींशीच वैर धरावे याला कारण दिसेना. आम्ही वहीतील आकडे कागदावर उतरून त्यांच्यापुढे ठेविले. त्यांनी ते भिंगातून वाचिले, कागदाची घडी केली, आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे माझ्या डोळ्यांची वही ठेवलीस तू."

या वाक्याने आम्ही जरा चपापलो, हे सांगितले पाहिजे. त्यात तक्रार होती आणि ती न्याय्य होती. ज्या माणसाला साहाय्यासाठी हाक मारणेही कमीपणाचे वाटते, त्याच्या दृष्टीचा उतार दिवसागणिक टिपला जावा, आणि तो त्याच्या मुलाने त्याच्याआधी वाचावा, हे सुखाचे नाही. आजकाल यंत्रे आपल्या अशा कितीतरी वह्या लिहीत असतात आणि त्या वाचणारा घरचा असतोच असे नाही. एवढे मात्र खरे, की मातोश्रींनी स्वतः होऊन डोळ्यांविषयी अक्षर काढले नसते. शेजारच्या बाई दारात उभ्या राहिल्या तर त्या आवाजावरून ओळखीत आणि चेहरा दिसल्याची बतावणी करीत. हे सौभाग्यवतींनी पुष्कळ आधी हेरले होते, पण हटकण्यास आधार नव्हता. कागदावरच्या आकड्यांशी हुज्जत घालणे मातोश्रींच्या स्वभावात नाही. त्यांनी तीस वर्षे शाळेत गणित शिकविले आहे.

डोळ्यांच्या वैद्यांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला. उजवा अधिक पिकलेला. त्यांनी समजावून दिले ते असे, की डोळ्यातले भिंग वयाबरोबर गढूळ तर होतेच, पण पिवळटही होते. बाहेरचा उजेड त्यातून गाळून येतो आणि त्यातला निळा भाग वाटेतच अडतो. हा बदल इतका सावकाश होतो की ज्याच्या डोळ्यात तो होतो त्याला जगच जरा मळले आहे असे वाटत राहते. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने याची कथा प्रसिद्ध आहे: मोतीबिंदू वाढला त्या वर्षांत त्याची चित्रे तांबूस आणि मातकट होत गेली, आणि १९२३ मध्ये उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर त्याला निळा रंग जागोजाग दिसू लागून तो त्रासून गेला. कन्येने ही कथा आजीला पुस्तकातील चित्रे दाखवून सांगितली. आजीने विचारले, "त्याची वही कोण ठेवीत होते?"

उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया मे महिन्यात झाली. पट्टी निघाल्यानंतर तिसऱ्या दिवशी मातोश्री खिडकीशी उभ्या होत्या. पावसाळ्याच्या तयारीने समोरच्या बैठ्या चाळीच्या कौलांवर ताडपत्र्या चढल्या होत्या. दहिसरात जून जवळ आला की निम्मे गाव ताडपत्रीखाली जाते, आणि तिच्याकडे कोणी मान वळवून पाहत नाही. मातोश्री पाहतच राहिल्या. "एवढी निळी असते होय ही?" त्यांनी डावा डोळा मिटून पाहिले, मग उजवा मिटून पाहिले, आणि पुन्हा डावा मिटला. एका डोळ्याने नवी ताडपत्री आणि दुसऱ्याने जुनी, असा तो खेळ दोन दिवस चालला होता.

पडद्यावर त्या पुन्हा बसल्या तेव्हा पांढरी कळ प्रथमच कामास आली. शंभरावरून नव्वद, ऐंशी, सत्तर. शेवटी आकडा ४५ वर स्थिरावला. पण एक नवीनच तक्रार उभी राहिली. रात्रीच्या वेळी तेजाबरोबर रंगही थोडा पिवळसर करावा, अशी तजवीज आम्ही आज्ञापटात केली होती. २००९ साली एफलक्स नावाची आज्ञावली निघाल्यापासून हा प्रघात पडला आहे, आणि निजण्यापूर्वी निळा प्रकाश कमी असावा असे त्याचे समर्थन केले जाते. आमच्या मते पिवळेपणापेक्षा मंदपणाचाच गुण अधिक येत असावा. पूर्वी मातोश्रींना हा फरक जाणवतच नसे. त्यांच्या डोळ्यात बाराही महिने तीच तजवीज निसर्गाने केलेली होती. आता दिवेलागणीला रंग बदलला की त्या तत्काळ म्हणत, "अरे, या यंत्राला पुन्हा कावीळ झाली!" इतकी वर्षे पिवळे पाहिले, आता पुरे, असा त्यांचा निकाल पडला, आणि सायंकाळी सातच्या आत त्या बसल्या असतील तर पिवळेपणा येऊ नये असे नवे कलम आज्ञापटात दाखल झाले. रात्री दहानंतर मात्र तो येतो, कारण तेव्हा त्या निजलेल्या असतात आणि पडदा आमचा असतो.

वहीचे काय करावे, असे आम्ही त्यांना विचारले. ती पुसून टाकण्यास आमची तयारी होती, आणि तसे करणारी एक ओळ आम्ही लिहूनही ठेविली होती. त्यांनी ती नको म्हणून सांगितले. डाव्या डोळ्याची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर करावयाची आहे. तोपर्यंतचे आकडे वैद्यांना दाखविता येतील, आणि नंतरचे त्यांना स्वतःला पाहावयाचे आहेत. मात्र दोन अटी घातल्या. वही दर रविवारी मोठ्या अक्षरांत प्रथम त्यांच्यापुढे यावी, आमच्यापुढे मागाहून. आणि तारखेबरोबर तीत तिथीही असावी, कारण होळी आणि संक्रांत म्हटल्याने जे लक्षात राहते ते मार्च आणि जानेवारी म्हटल्याने राहत नाही. पहिली अट त्याच दिवशी पुरी केली. दुसरीसाठी सूर्योदयाचे गणित आज्ञापटात तयारच आहे, परंतु तिथीला चंद्रही लागतो, आणि चंद्राचे गणित सूर्याच्या मानाने बरेच वाकडे आहे. तूर्त दर शनिवारी रात्री आम्ही पंचांग पाहून त्या आठवड्याच्या सात तिथी हाताने लिहितो.